जुनी गाडी, जुना रस्ता

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून जुन्या मोटारीने आठवडाभर हिंडायचं ठरलं की बहुतेकांचा बेत नकाशावरच बिघडतो. लंडनहून कॉर्नवॉल, तिथून लेक डिस्ट्रिक्ट, येताना ऑक्सफर्ड आणि स्टोनहेंज. अंतरं मोजली तर हे सगळं सहा-सात दिवसांत बसतंही, कारण देश लहान आहे. पण हा हिशेब मोटरवेचा आणि आजच्या गाडीचा. तुम्ही जिच्यातून जाणार ती गाडी १९६० च्या आगेमागे कारखान्यातून बाहेर पडलेली असणार. ब्रिटनमधला पहिला मोटरवे, लँकेशरचा प्रेस्टन बायपास, खुला झाला डिसेंबर १९५८ मध्ये. मॉरिस मायनर बाजारात आली त्याच्या दहा वर्षं आधी, १९४८ मध्ये. अलेक इसिगोनिस तिची आखणी करत होता तेव्हा देशभर होते ते झुडपांच्या कुंपणांमधून वळणं घेत जाणारे, गावात शिरून चर्चला वळसा घालणारे, ताशी ४० मैलांच्या वर फारसे जाऊ न देणारे रस्ते. त्यातले पुष्कळसे आजही तसेच आहेत. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: गाडीच्या वयाचा रस्ता शोधा आणि दिवसाला शंभर मैलांच्या आत राहा.

शंभर मैल म्हणजे १६० किलोमीटर. पुण्याहून मुंबई गाठणाऱ्याला हे अंतर काहीच वाटणार नाही. पण आडरस्त्यावर ताशी ३० मैलांची सरासरी पडली तरी चांगली म्हणायची. म्हणजे साडेतीन तास नुसते चाकामागे. त्यात दर दीड तासाने इंजिनाला विश्रांती, तेल-पाणी बघणं, दुपारचं जेवण, चुकलेली वळणं आणि ट्रॅक्टरमागची रखडपट्टी. शिवाय जुनी गाडी चालवणं हे शारीरिक काम आहे. स्टिअरिंगला पॉवर नाही, ब्रेकला बहुधा सर्व्हो नाही, आणि टप उघडा असेल तर ताशी ६० मैलांवर शेजारच्याशी बोलताही येत नाही. संध्याकाळी खांदे दुखतात. नवराबायकोंचे या प्रवासातले बहुतेक वाद दुपारी चारनंतर होतात, असं माझं निरीक्षण आहे.

गाडी कोणती घ्यायची? दोघंच असाल तर एमजीबी. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांवर गाड्या तयार झाल्या. इतक्या निघाल्या म्हणून तिचे सुटे भाग आजही सहज मिळतात. अख्खी बॉडीसुद्धा नवी कोरी विकत मिळते. आडगावात काही मोडलं तर दुसऱ्या दिवशी तो भाग टपालाने येऊ शकतो, आणि सहलीत हे रूपापेक्षा महत्त्वाचं. मुलं बरोबर असतील तर मॉरिस मायनर. दहा लाखांचा आकडा गाठणारी ही पहिली ब्रिटिश मोटार, आणि कंपनीने त्या आनंदात ३५० मायनर चक्क फिक्या जांभळ्या रंगात काढल्या होत्या. एक नियम मात्र इथे आधीच बघून ठेवा. १९६५ पूर्वीच्या गाड्यांना सीटबेल्ट असण्याची सक्ती नाही, पण बेल्ट नसलेल्या गाडीत तीन वर्षांखालच्या मुलाला नेता येत नाही, आणि त्याहून मोठ्या मुलांनी मागेच बसायचं असतं. जॅग्वार ई-टाइप देखणी आहे यात वाद नाही. पण तिचं ते लांबलचक बॉनेट घेऊन डेव्हनच्या बोळात समोरून आलेल्या दुधाच्या टँकरला वाट द्यायची म्हणजे शिक्षा. ती एका दिवसासाठी घ्यावी, सहलीसाठी नाही.

आपल्याकडच्या ज्यांनी ॲम्बेसेडर चालवली आहे त्यांना यातलं काहीच परकं वाटणार नाही. ॲम्बेसेडर म्हणजे ऑक्सफर्डच्या काउलीची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्ही बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या बी-सिरीजची. बॉनेट उघडल्यावर ओळखीचा चेहरा भेटतो. मद्रासला तयार होणारी स्टँडर्ड हेरल्ड ही तिकडची ट्रायम्फ हेरल्ड. त्यातून तिकडेही वाहनं डावीकडूनच चालतात, आणि पाहुणा म्हणून गेलेल्याला भारतीय परवान्यावर बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते.

जुन्या गाड्या भाड्याने देणारे बरेच आहेत, पण बहुतेकांच्या अटी कडक असतात. वय निदान २५, कधी ३० सुद्धा, मोठी अनामत, आणि दिवसाच्या मैलांवर मर्यादा. ही मर्यादा वाचून खट्टू होऊ नका, ती तुमच्याच भल्याची आहे. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. बिघाड झाला तर टोचन कोण करणार आणि किती वेळात? ब्रेक पुढे डिस्क आहेत की चारही ड्रम? ओव्हरड्राइव्ह आहे का? आणि शेवटची तांत्रिक तपासणी कधी झाली? हा शेवटचा प्रश्न खास आहे. मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या आणि मागच्या ३० वर्षांत मोठे फेरफार न झालेल्या मोटारींना वार्षिक तपासणीची सक्ती उरलेली नाही. चांगला मालक तरीही ती करून घेतो आणि कागद दाखवतो. न दाखवणाऱ्याची गाडी घेऊ नये. लंडनच्या प्रदूषण-शुल्कातूनही ४० वर्षांवरच्या गाड्यांना सूट आहे, पण व्यवसायासाठी वापरल्या जाणाऱ्या गाडीला ती लागू नाही. म्हणून भाड्याची गाडी असेल तर मालकालाच विचारा. खरं तर लंडनमध्ये ती न्याच कशाला? शहरातल्या सिग्नल-सिग्नलच्या गर्दीत या गाड्या तापतात. रेल्वेने शहराबाहेर जा आणि गाडी तिथे ताब्यात घ्या.

पेट्रोलचं एक लक्षात ठेवा. सप्टेंबर २०२१ पासून तिथलं साधं पेट्रोल म्हणजे ई-१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल जुने रबरी पाइप आणि सील खातं, आणि हवेतलं पाणी शोषून घेतं. म्हणून पंपावर महागडं सुपर अनलेडेड घ्या. त्यावर ई-५ लिहिलेलं असतं. शिसंयुक्त पेट्रोल २००० सालापासून बंद आहे. ज्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह-सीट बदललेल्या नाहीत त्यांच्यासाठी पेट्रोलमध्ये एक द्रव मिसळावा लागतो. मालक बाटली देतो, ती डिकीत ठेवून विसरायचं नाही. एमजीबी लिटरला साधारण नऊ किलोमीटर देते. खेड्यांतले पंप संध्याकाळी लवकर बंद होतात, तेव्हा काटा अर्ध्यावर आला की भरून घ्यावं.

आता नकाशा. फोन जवळ असू द्या, पण त्याला मार्ग विचारू नका. तो वेळ वाचवायला बघतो, आणि वेळ वाचवण्यासाठी एकतर मोटरवेवर नेतो किंवा मधोमध गवत उगवलेल्या शेतवाटेवर, जिथे खाली लोंबणारा सायलेन्सर घासतो. ऑर्डनन्स सर्व्हे ही १७९१ मध्ये लष्करी गरजेतून उभी राहिलेली संस्था, आणि तिचे गुलाबी वेष्टनाचे लँडरेंजर नकाशे हे जुन्या गाडीसाठीच काढले आहेत की काय असं वाटतं. एक सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर, आणि सगळा ब्रिटन २०४ नकाशांमध्ये. निळा मोटरवे आणि हिरवे-लाल ए वर्गाचे रस्ते बघायचे ते टाळण्यासाठी. बोट ठेवायचं ते नारिंगी-तपकिरी बी रस्त्यांवर, आणि धीर असेल तर पिवळ्यांवर.

या नकाशात रस्त्यावर बाणासारखी खूण दिसली तर थांबून वाचा. एक बाण म्हणजे सातास एक ते पाचास एक असा चढ. दोन बाण म्हणजे त्याहूनही उभा. ड्रम ब्रेकच्या गाडीला दोन बाणांचा उतार दाखवायचा की नाही, हे आदल्या रात्री जेवताना ठरवायचं, वळणावर नाही. पीएच ही अक्षरं म्हणजे पब. चर्चच्या खुणा तर मोठ्या मजेच्या आहेत: क्रुसाखाली काळा चौकोन असेल तर चर्चला चौकोनी मनोरा, काळा ठिपका असेल तर टोकदार शिखर किंवा घुमट. पुढच्या गावात काय दिसणार हे शेजारी बसलेल्याला मैलभर आधी सांगता येतं, आणि दिसलं नाही तर रस्ता चुकला हे तिथेच कळतं. नकाशा धरणाऱ्याचं काम चालवणाऱ्यापेक्षा कमी नाही. मी तर म्हणेन, भूमिका रोज बदला.

मार्ग एकच सुचवतो, कारण पाच सुचवले तर एकही होत नाही. सरेमधल्या वेब्रिजपासून सुरुवात करा. तिथे १९०७ मध्ये ब्रुकलँड्स हा मुद्दाम मोटारींच्या शर्यतींसाठी बांधलेला जगातला पहिला मार्ग तयार झाला. पावणेतीन मैलांचं काँक्रीटचं वर्तुळ, कडेला भिंतीसारखं उचललेलं. १९३९ च्या युद्धाने शर्यती थांबल्या त्या कायमच्या, पण उचललेल्या कडेचे तुकडे अजून उभे आहेत आणि त्यांच्याखाली संग्रहालय आहे. तिथून आडमार्गाने न्यू फॉरेस्टमधलं ब्यूली. राष्ट्रीय मोटार संग्रहालय इथे आहे. १९२७ मध्ये ताशी २०० मैलांचा वेग पहिल्यांदा ओलांडणारी सनबीम इथेच बघायला मिळते. सप्टेंबरात गेलात तर ऑटोजंबल गाठा. जुन्या भागांचा हा बाजार १९६७ पासून भरतो, आणि त्यात माणसं गंजलेला डायनॅमो हातात घेऊन लहान मुलासारखी हसताना दिसतात. न्यू फॉरेस्टमध्ये घोडे मोकळे चरतात आणि रस्त्यावर येऊन उभे राहतात. उघड्या माळावरच्या रस्त्यांना ४० मैलांची मर्यादा आहे. जुन्या दिव्यांचा उजेड बेताचा असतो, तेव्हा तिन्हीसांजेच्या आत मुक्काम गाठा.

दुसरा दिवस सॉल्झबरीवरून शाफ्ट्सबरी आणि पुढे सॉमरसेटमधलं स्पार्कफर्ड, सगळे मिळून ७० मैलांच्या आसपास. स्पार्कफर्डला हेन्स मोटार संग्रहालय आहे. जॉन हेन्स म्हणजे गाड्यांच्या दुरुस्तीची ती प्रसिद्ध पुस्तकं काढणारा. त्यांतलं पहिलं १९६६ मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइटवर निघालं. तुमच्या गाडीचं पुस्तक मिळालं तर घेऊन टाका. वाचलं नाही तरी चालेल, रस्त्यात मदतीला थांबणाऱ्याला ते उघडून देता येतं.

तिसऱ्या दिवशी एक्समूर, आणि इथे जरा थांबायला हवं. पोरलॉक गावातून ए-३९ हा रस्ता चारास एक चढाने माळावर जातो, तोही वळणं घेत. मायनरसारख्या गाडीला त्यासाठी पहिला गिअर लागतो, आणि पहिल्याला सिंक्रोमेश नसल्यामुळे तो चालत्या गाडीत सहज पडत नाही. म्हणून पायथ्यालाच टाकून घ्यायचा. उतरताना प्रश्न अधिक कठीण. ड्रम ब्रेक सतत दाबून धरले की तापतात, आणि तापले की पायाखाली पेडल असूनही गाडी थांबत नाही. एसटीच्या जुन्या चालकांचा घाटातला नियम इथे जसाच्या तसा लागू आहे: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, आणि ब्रेक मध्ये मध्ये सोडा. हे जमणार नाही असं वाटलं तर लाज बाळगू नका. शेजारून झाडीतला खासगी टोल रस्ता आहे, थोडे पैसे भरले की वळसे घेत हळूहळू वर नेतो. माझ्या मते दोन्हींतला तोच सुंदर.

माळावर एक दिवस जास्त ठेवा आणि त्या दिवशी गाडीला हात लावू नका. सहलीच्या बेतात मोकळा दिवस नसेल तर पहिला बिघाड तो दिवस काढून घेतोच. मग सॉमरसेटमधल्याच वेल्स या शहराच्या दिशेने चेडर गॉर्ज. बी-३१३५ हा रस्ता शंभर मीटरहून उंच चुनखडीच्या कड्यांमधून नागमोडी जातो, आणि सकाळी आठच्या आत गेलात तर तो तुमचा असतो, अकरानंतर बसगाड्यांचा. बाथ शहर या गाडीतून बघू नये, चढ आणि गर्दी दोन्ही वाईट. फ्रोममार्गे त्याला वळसा घालून लेकॉकला जा. हे गाव १९४४ पासून जवळजवळ सगळं नॅशनल ट्रस्टकडे आहे. इथल्याच ॲबीच्या खिडकीचा १८३५ मध्ये फॉक्स टॅल्बटने घेतलेला फोटो हा टिकून राहिलेला सर्वांत जुना निगेटिव्ह.

सायरनसेस्टरपासून ए-४२९ लागतो, आणि सांगितलेला नियम मोडून हा ए वर्गाचा रस्ता मुद्दाम घ्या, कारण हा फॉस वे आहे. रोमनांनी एक्सेटरपासून लिंकनपर्यंत बांधलेला. लिंकन ते इल्चेस्टर या १८२ मैलांत तो सरळ रेषेपासून सहा मैलांहून अधिक ढळत नाही. इल्चेस्टर हे स्पार्कफर्डच्या शेजारचं, म्हणजे या सरळ टप्प्याचं दुसरं टोक तुम्ही आधीच ओलांडलेलं असतं. नॉर्थलीच, स्टो-ऑन-द-वोल्ड, मोरटन-इन-मार्श ही कॉट्सवोल्डची मधाळ दगडांची गावं त्याच्यावर किंवा त्याच्या काठाला आहेत. शेवट वॉरिकशरमधल्या गेडनला, ब्रिटिश मोटार संग्रहालयात. कारखान्यातून निघालेली पहिली मॉरिस मिनी तिथे आहे. शिवाय तिथल्या दफ्तरात जुन्या कंपन्यांच्या उत्पादनाच्या नोंदी आहेत. चॅसिस क्रमांक दिला की एखादी गाडी कोणत्या दिवशी तयार झाली आणि मूळ रंग कोणता होता, याचा दाखला मिळतो. या सगळ्या फेरीचे मैल चारशेच्या आतच भरतात.

रोज सकाळी पंधरा मिनिटं गाडीला द्यायची. सपाट जागी, इंजिन गार असताना डिपस्टिक बघा. ही इंजिनं तेल पितात आणि थोडं गळतातही, म्हणून मुक्कामाच्या अंगणात गाडीखाली पुठ्ठा टाकण्याची रीत आहे. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका. एमजीबीची किल्ली फिरवली की मागून टकटक ऐकू येते, तो एसयूचा पेट्रोल पंप. टकटक थांबली की कार्ब्युरेटर भरले, मग स्टार्टर द्या. वाटेत कधी हा पंप मुका झाला तर त्याच्यावर पान्याने हलकेच ठोकतात आणि तो पुन्हा चालू होतो. हा उपाय थट्टेचा वाटतो, पण आत चिकटलेले पॉइंट सुटतात एवढंच त्याचं शास्त्र. विजेची बहुतेक यंत्रणा बर्मिंगहॅमच्या ल्यूकस कंपनीची, आणि तिला इंग्रज मालक अंधाराचा राजपुत्र म्हणतात. निंदा थोडी अन्यायाची आहे. साठ वर्षांच्या तारा आणि गंजलेलं अर्थिंग हे खरे दोषी. एक फॅन बेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, रोटर आर्म, फ्यूज, थोडी तार, चिकटपट्टी आणि पाच लिटर पाणी डिकीत असलं की बरेचसे बिघाड रस्त्याकडेला निभावतात. ओढ्यातून जाणारा रस्ता लागला तर सरळ मागे फिरा. डिस्ट्रिब्युटरला पाणी लागलं की गाडी मध्येच बसते, आणि भिजलेले ड्रम ब्रेक लागत नाहीत.

दोन शब्द रीतीभातीचे. तुमच्यामागे गाड्यांची रांग लागली तर जागा बघून बाजूला व्हा. तिथल्या रस्ता-संहितेच्या १६९ व्या नियमातच तसं सांगितलं आहे. घोडेस्वार दिसला तर ताशी १० मैलांच्या आत, निदान दोन मीटर अंतर सोडून जायचं. अरुंद बोळात समोरासमोर आलात तर ज्याला रुंद जागा जवळ तो मागे जातो, आणि दुसरा हात उंचावून आभार मानतो. हा हात न उंचावणं ही तिथे मोठी असभ्यता मानतात. रिव्हर्सचा सराव पहिल्याच दिवशी मोकळ्या आवारात करून घ्या. टप चढवण्याचाही, कारण पहिली सर यायला फार वाट बघावी लागत नाही.

महिना मे किंवा जून. कुंपणं पांढऱ्या फुलांनी भरलेली असतात, आणि जूनमध्ये सूर्य रात्री नवानंतर मावळतो, म्हणजे मिणमिणत्या दिव्यांवर विसंबायची वेळच येत नाही. जुलैच्या अखेरीपासून शाळांना सुट्ट्या लागतात आणि पश्चिमेकडचे सगळे रस्ते कॅरव्हॅननी तुंबतात, ऑगस्ट टाळाच. आधी गाडी, मग तारखा, मग खोल्या, याच क्रमाने ठरवा, आणि खोली घेताना गाडीसाठी आवार आहे का ते विचारा. चांगल्या गाड्यांच्या उन्हाळ्यातल्या तारखा लवकर जातात. पुढच्या जूनला निघायचं असेल तर चौकशी जानेवारीतच करा, आणि पहिला प्रश्न ब्रेकचा विचारा.